वाचकांचे प्रश्न : मेडिकलचा अर्ज आणि सातशे अक्षरांची उत्तरे

नीटच्या पेपरात १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण असतात, पण स्वतःच्या शब्दांत लिहायचे एकही वाक्य नसते. चार गोलांपैकी एक काळा करण्यात दोन-तीन वर्षे घालवलेल्या मुलामुलींसमोर मग परदेशी कॉलेजचा अर्ज येतो आणि विचारतो, ‘तुम्हाला डॉक्टर का व्हायचे आहे?’ नागपूर आणि आसपासहून या छोट्या निबंधांबद्दल बरीच पत्रे आली. त्यांतली निवडक इथे घेतली आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

मुलगी बारावी विज्ञानला आहे. अमेरिकेत मेडिकलला पाठवायचा विचार आहे. कुणी सांगते की निबंधांवर प्रवेश मिळतो, कुणी म्हणते बारावीनंतर अर्जच करता येत नाही. नेमके काय? आणि मग नीट द्यायचीच नाही का?
– एक पालक, मनीषनगर

दुसरे सांगणारा बरोबर आहे. अमेरिकेत मेडिकल हे पदवीनंतरचे शिक्षण. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट परीक्षा आणि त्यानंतर अर्ज. पदवी आणि मेडिकल जोडून देणारे काही एकत्रित कार्यक्रम आहेत, पण त्यांच्या जागा फार थोड्या. शिवाय तिथली बरीचशी मेडिकल कॉलेजे परदेशी नागरिकांचे अर्ज घेतच नाहीत, आणि घेणारी बहुधा पदवीचा काही भाग तरी अमेरिकेत किंवा कॅनडात झालेला असावा असा आग्रह धरतात. कोण घेते, कोण नाही, हे तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या ‘एमएसएआर’ या माहितीकोशात कॉलेजवार दिलेले असते. कन्सल्टंटची फी भरण्याआधी ते बघा.

बारावीनंतर थेट मेडिकल हवे असेल तर इंग्लंडचा मार्ग आहे. तिथे यूकास या एकाच केंद्रीय अर्जातून जावे लागते आणि निबंधाचे प्रश्न त्या अर्जातच असतात.

नीट मात्र सोडू नका. परदेशातून डॉक्टर होऊन भारतात प्रॅक्टिस करायची असेल तर नीट पात्र असणे बंधनकारक आहे. राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या २०२१ च्या नियमांत आणखी अटी आहेत: अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा, शिक्षण इंग्रजीतून, त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप. निवडलेले कॉलेज या अटींत बसते का, हे निबंधाला हात लावण्यापूर्वी तपासायचे.

यूकासचा निबंध आता तीन प्रश्नांत विभागला आहे असे कळले. माझ्या ताईच्या मैत्रिणीने चार वर्षांपूर्वी लिहिलेला सलग निबंध माझ्याकडे आहे. तोच तीन तुकड्यांत तोडला तर चालेल का? कुठल्या प्रश्नाला किती लिहायचे?
– बारावीची विद्यार्थिनी, त्रिमूर्तीनगर

तोडू नका. दुसऱ्याचा तर नाहीच, स्वतःचा जुना असता तरी नाही. सलग निबंधात एका परिच्छेदातून दुसऱ्यात जायला जी वाक्ये लागतात ती इथे निव्वळ जागा खातात.

२०२६ च्या प्रवेशापासून प्रश्न असे आहेत. पहिला: हा विषय का शिकायचा आहे? दुसरा: आतापर्यंतच्या शिक्षणाने तुमची तयारी कशी करून घेतली? तिसरा: शिक्षणाबाहेर काय केले आणि त्याचा उपयोग काय? तिन्ही मिळून ४००० कॅरेक्टर, म्हणजे अक्षरे, विरामचिन्हे, मोकळ्या जागा सगळे धरून. प्रत्येक उत्तर किमान ३५० कॅरेक्टरचे हवे. इंग्रजीत एकूण सहाशे ते साडेसहाशे शब्द होतात. मेडिकलसाठी आमचा कल पहिल्याला हजार-अकराशे, दुसऱ्याला बाराशेच्या आसपास आणि उरलेले तिसऱ्याला असा आहे, कारण मुलाखतीत खोदून विचारले जाते ते बहुधा तिसऱ्यातले.

पहिल्या उत्तरात ‘उदात्त पेशा’, ‘मानवसेवा’, ‘लहानपणापासूनचे स्वप्न’ हे तिन्ही शब्दप्रयोग आले तर ३५० कॅरेक्टर वाया गेलेच म्हणून समजा. सेवा नर्सही करते, औषधनिर्माताही करतो, आशाताईही करते. वाचणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न असतो, ‘मग डॉक्टरच का?’ याचे उत्तर डॉक्टरच्या कामात जे वेगळे आहे त्यातून यायला हवे: अपुऱ्या माहितीवर निर्णय घेणे, तो चुकला तर जबाबदारी स्वीकारणे, आजाराचे शास्त्र आणि समोरचा माणूस दोन्ही एका वेळी सांभाळणे. हे तुम्ही कुठे पाहिले ते सांगा. या कामाची जड बाजूही एका वाक्यात येऊ द्या, पण ‘मला त्याची जाणीव आहे’ एवढ्यावर थांबू नका. काय पाहून जाणीव झाली ते लिहा.

दुसऱ्यात गुण लिहायचे नाहीत. गुणांसाठी अर्जात वेगळा रकाना आहे. इथे एखादा धडा, एखादे प्रॅक्टिकल, आणि त्यातून तुम्ही पुढे कुठे गेलात ते हवे. विदर्भातल्या मुलांना एक उदाहरण आयतेच मिळते आणि फारच थोडे जण ते वापरतात. बारावीच्या जीवशास्त्रात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार शिकवतात: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. परीक्षेपुरते एवढे पुरते. पण गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, नागपूर या पट्ट्यात हा आजार बराच आढळतो. एका अमिनो आम्लाच्या फरकाने पेशी विळ्यासारखी का होते, वाहक असलेल्या माणसाला सहसा त्रास का होत नाही, मग लग्नाआधी तपासणी का सांगतात, आणि तपासणीच्या कार्डावरचा तो निकाल एखाद्या मुलीच्या स्थळाच्या आड कसा येतो, इथपर्यंत तुम्ही स्वतः वाचत गेला असाल तर ते दुसऱ्या प्रश्नाचे उत्तम उत्तर आहे. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा उल्लेख जरूर करा, पण ती काय आहे हे सांगत बसू नका. त्यातला कुठला भाग तुम्हाला पटला किंवा खटकला ते सांगा.

तिसऱ्यात अनेकींना वाटते की हॉस्पिटलचाच अनुभव हवा. तसे नाही. तिथल्या मेडिकल कॉलेजांना माणसांची काळजी घेण्याचा आणि माणसांशी बोलण्याचा अनुभव चालतो: वृद्धाश्रम, अंध विद्यालय, घरात अंथरुणाला खिळलेली आजी, धाकट्या भावाची शिकवणी, दुकानात गिऱ्हाईक सांभाळणे. आजीचे पथ्यपाणी वर्षभर सांभाळले असेल तर ते दोन दिवसांच्या ‘मेडिकल कॅम्प’पेक्षा वजनदार आहे. मात्र काय केले हे एक तृतीयांश, आणि त्यातून काय कळले हे दोन तृतीयांश, हे माप पाळा. प्रश्नातला ‘त्याचा उपयोग काय’ हा तुकडा बहुतेक उत्तरांत सुटतो.

आणखी एक. मेडिकलसाठी जास्तीत जास्त चार पर्याय भरता येतात, पाचवा दुसऱ्या विषयाचा, आणि हेच लिखाण पाचही ठिकाणी जाते. म्हणून कुठल्याही विद्यापीठाचे नाव घालू नका.

अमेरिकेत बीएस करतो आहे, सुट्टीत घरी आलोय. एएमसीएएसच्या, म्हणजे तिथल्या मेडिकल कॉलेजांच्या केंद्रीय अर्जात प्रत्येक उपक्रमाला ७०० कॅरेक्टर मिळतात. माझ्या उपक्रमांचे वर्णन वाचून सल्लागार म्हणाले, ‘हे कुणाचेही असू शकते.’ म्हणजे काय, ते कळत नाही. पंधराच्या पंधरा जागा भरू का?
– धरमपेठ

आधी मापे. मुख्य निबंध ५३०० कॅरेक्टर. उपक्रम जास्तीत जास्त १५, प्रत्येकी ७००. त्यांतले तीनपर्यंत ‘सर्वांत अर्थपूर्ण’ म्हणून निवडता येतात आणि त्या प्रत्येकाला आणखी १३२५ मिळतात. ७०० म्हणजे इंग्रजीत शंभर-सव्वाशे शब्द. संस्थेचे नाव, तारखा, तास आणि खातरजमेसाठी माणसाचा संपर्क यांना वेगळे रकाने आहेत, तेव्हा ‘मी अमुक संस्थेत अमुक तास काम केले’ हे वाक्य लिहिलेत तर साठ-सत्तर कॅरेक्टर फुकट. झालेले तास आणि पुढे करायचे तास वेगवेगळे भरायचे असतात. ते एकत्र मिसळू नका.

तुमच्या सल्लागारांचे म्हणणे असे. समजा एकाने सुट्टीत नागपुरातल्या सरकारी रुग्णालयात स्वयंसेवक म्हणून काम केले. (उदाहरण या सदरासाठी रचलेले आहे. मूळ उत्तर अर्थातच इंग्रजीत असेल.) तो लिहितो:

‘रुग्णालयात काम करताना मला रुग्णसेवेचे खरे महत्त्व समजले. विविध पार्श्वभूमीच्या लोकांशी संवाद साधताना माझे संवादकौशल्य, नेतृत्वगुण आणि सहानुभूती विकसित झाली. हा माझे आयुष्य बदलून टाकणारा अनुभव होता.’

यात एकही नाम असे नाही जे फक्त त्याचेच आहे. खिडकी नाही, रांग नाही, कागद नाही. आता तेच काम असे लिहून पाहा:

‘केसपेपरच्या खिडकीपासून रक्त तपासणीपर्यंत बाहेरगावच्या रुग्णांना सोबत करत असे. अनेक जण छिंदवाडा-बालाघाटकडून रात्रीच्या बसने आलेले. उपाशीपोटी करायच्या तपासणीला ते चहा-बिस्कीट खाऊन येत आणि त्यांना दुसऱ्या दिवशी परत बोलावले जाई, म्हणजे एक रात्र व्हरांड्यात. सूचना चिठ्ठीवर इंग्रजीत होती. मी हिंदीत समजावू लागलो, तरी लोक खाऊन येतच होते. नर्सने सुचवले, ‘सांगू नकोस, त्यांनाच परत सांगायला लाव.’ तसे केल्यावर कळले की पाणीही प्यायचे नाही असे समजून काही जण उन्हात तहानलेले उभे असत. माझे समजावणेच अर्धवट होते.’

फरक शब्दसौंदर्याचा नाही. दुसऱ्या उत्तरात एक अडचण दिसते, ती का होती ते दिसते, पहिला उपाय फसलेला दिसतो, दुसऱ्या कुणाकडून शिकलेले दिसते आणि शेवटी स्वतःच्या समजुतीतली खोट सापडलेली दिसते. ‘सहानुभूती’ हा शब्द नाही, आणि त्याची गरजही पडलेली नाही. शेवटी ‘यावरून मला संवादाचे महत्त्व कळले’ असे जोडायचा मोह होईल. जोडू नका. तो अर्थ वाचणाऱ्याला काढू द्या आणि उरलेल्या जागेत आणखी एक तपशील घाला.

असे उत्तर बसून सुचत नाही, कारण लिहायच्या वेळेपर्यंत उपाशीपोटी, चहा, व्हरांडा हे सगळे विसरलेले असते. म्हणून काम चालू असतानाच वहीत दर आठवड्याला चार ओळी लिहायच्या: काय अडले, कुणी काय म्हटले, आपले काय चुकले. भारतातल्या एमबीबीएसच्या मुलांनाही २०१९ पासूनच्या नव्या अभ्यासक्रमात असे चिंतनपर लेखन करावे लागते. ते प्रवेश मिळाल्यावर, तुम्हाला त्याआधी, एवढाच फरक.

पंधरा जागा भरायची सक्ती नाही. नऊ-दहा भक्कम नोंदी आणि पाच भरताड असल्या तर वाचणाऱ्याच्या लक्षात भरताड राहते. नववीतली चित्रकला स्पर्धा काढून टाका. पण छंद म्हणून आठ वर्षे तबला वाजवत असाल तर ठेवा, मेडिकलशी संबंध जोडायची धडपड न करता. ‘तबल्यामुळे माझी बोटे सर्जनसारखी झाली’ असले काही नको.

‘इतर प्रभावी अनुभव’ नावाचा आणखी एक १३२५ कॅरेक्टरचा ऐच्छिक प्रश्न असतो. तो घरची परिस्थिती, शिक्षणाच्या सोयी, आर्थिक ओढाताण अशा अडथळ्यांसाठी आहे. धरमपेठेत स्वतःचे घर आणि इंग्रजी शाळा मिळालेल्याने तिथे ओढूनताणून दुःख लिहू नये. उत्तर ‘नाही’ दिले म्हणून काही बिघडत नाही.

भाषेबद्दल दोन गोष्टी. आपली ‘ओपीडी’, ‘कॅज्युअल्टी’, ‘पीएचसी’ तिकडच्या वाचकाला सहज कळत नाही, आणि अमेरिकी वाचकाला ‘सिस्टर’ म्हणजे तुमची बहीण वाटेल. त्यांच्याकडचा प्रचलित शब्द वापरा किंवा तीन शब्दांत फोड करा. दुसरे म्हणजे रुग्णाची ओळख. नाव गाळले की झाले असे नाही. गाव, वय, आजार आणि महिना एकत्र आले की छोट्या गावातला माणूस ओळखू येतो. त्यांतले दोन तपशील तरी सोडाच.

काकांचे धंतोलीत हॉस्पिटल आहे. तिथे महिनाभर मी ऑपरेशन थिएटरमध्ये उभा राहिलो, दोनदा टाके घालायला मिळाले, इंजेक्शनेही दिली. इतर मुलांना असा अनुभव कुठे मिळतो? निबंधाची सुरुवात टाक्यांपासूनच करावी असे वाटते.
– पदवीचा विद्यार्थी, रामदासपेठ

नका करू. तुमच्या अर्जातली सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणून तुम्ही जे दाखवता आहात, तेच तुमच्या विरोधात जाईल.

प्रशिक्षण आणि परवाना नसलेल्या माणसाने रुग्णाला टाके घातले, याचा वाचणाऱ्याच्या लेखी अर्थ एवढाच होतो की रुग्णाला धोका होता, बहुधा त्याची परवानगी घेतलेली नव्हती, आणि लिहिणाऱ्याला त्यात काही वावगे वाटले नाही. ‘मला मिळाले’ या क्रियापदातच सगळे आले. अमेरिकी मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची याबाबत मार्गदर्शक सूचनाच आहे: प्री-मेडिकल विद्यार्थ्याने परदेशात असताना, आपल्या देशात जे करायला परवानगी मिळाली नसती ते करू नये. तिकडच्या बऱ्याच मुलांनी गरीब देशांत जाऊन हाच प्रकार केला आणि अर्जात अभिमानाने लिहिला, म्हणून ही सूचना आली. काकांच्या हॉस्पिटललाही ती लागू पडते. आणि हे नुसते न लिहिण्यापुरते घेऊ नका. पुढेही असे करायला मिळाले तर नाही म्हणा.

मग महिना वाया गेला का? अजिबात नाही. थिएटरात उभे राहून तुम्ही काय पाहिले? सुरुवातीला रुग्णाचे नाव आणि कुठल्या बाजूचे ऑपरेशन हे मोठ्याने म्हणतात ते का, शेवटी मॉप (रक्त टिपायची कापडे) आणि सुया कोण मोजते, मोजदाद जुळली नाही तर काय करतात, बाहेर ताटकळलेल्या नातेवाइकांशी सर्जन किती वेळ आणि कसा बोलला, भूलतज्ज्ञाने ऑपरेशन पुढे ढकलायला सांगितले तेव्हा पैशाचा आणि सुट्टीचा हिशेब मांडून बसलेल्या घरच्यांना ते कसे पटवले गेले. यातले एक घ्या. फक्त एक. नुसते पाहणे ही सुद्धा नोंद आहे, अर्जात त्यासाठी ‘शॅडोइंग’ हा स्वतंत्र प्रकारच असतो.

दुसरी बाब नात्याची. संपर्क म्हणून काकांचेच नाव आणि आडनाव तेच असले की नोंदीचे वजन कमी होते. लपवू नका. पण आणखी एखाद्या अनोळखी ठिकाणी, जिथे तुम्ही ‘डॉक्टरसाहेबांचे पुतणे’ नाही, दोन-तीन महिने आठवड्यातून एक वेळ काम करा. रक्तपेढी किंवा रुग्णांच्या नातेवाइकांसाठी अन्नछत्र चालवणारी एखादी संस्था बघा. कौतुक कमी होईल, लिहायला जास्त मिळेल.

अमेरिकेत मुख्य अर्जानंतर प्रत्येक कॉलेज वेगळे प्रश्न पाठवते. वीस कॉलेजे, प्रत्येकी तीन-चार प्रश्न. एवढे लिहायचे कसे? एकच उत्तर सगळीकडे चालते का?
– एका विद्यार्थिनीची आई, सिव्हिल लाइन्स

प्रश्न दिसायला साठ-सत्तर, जाती मात्र पाच-सहाच: आमचेच कॉलेज का, तुम्ही इतरांहून वेगळे काय आणाल, अडचण किंवा अपयश सांगा, कुणाशी मतभेद झाला ते सांगा, मधल्या वर्षात काय केले, आणखी काही सांगायचे आहे का. हे प्रश्न दरवर्षी फारसे बदलत नाहीत. म्हणून मुख्य अर्ज मे-जूनमध्ये गेला की कॉलेजांच्या मेलची वाट न पाहता या पाच-सहांचे कच्चे मसुदे करून ठेवायचे. कॉलेजचा मेल आल्यापासून दोन आठवड्यांत उत्तर जावे असा सर्वसाधारण संकेत आहे. आठ-दहा कॉलेजांचे मेल एकाच आठवड्यात येतात तेव्हा या मसुद्यांची किंमत कळते.

मुलीला एक तक्ता करायला सांगा. उभ्या रकान्यात तिचे आठ-दहा अनुभव, आडव्यात कॉलेजे. कुठला अनुभव कुठे वापरला तिथे खूण. एकाच कॉलेजच्या दोन उत्तरांत आणि मुख्य निबंधातही तीच गोष्ट आली तर वाचणाऱ्याला वाटते, हिच्याकडे एकच गोष्ट आहे.

‘आमचेच कॉलेज का’ हे उत्तर मात्र उसने चालत नाही. शहराचे हवामान, क्रमवारी आणि ‘जागतिक दर्जाचे संशोधन’ यांनी भरलेले उत्तर कुठल्याही कॉलेजला लागू पडते. तपासायची रीत सोपी आहे: कॉलेजचे नाव खोडून दुसरे घाला. उत्तर तरीही खरे वाटले तर ते पुन्हा लिहायचे. त्या कॉलेजात विद्यार्थी चालवतात ते मोफत क्लिनिक, ग्रामीण भागातली नेमणूक, एखादा ठरावीक अभ्यासगट, यांतले एक आणि त्याच्याशी जुळणारे मुलीचे आधीचे एक काम. दोन्ही टोके हवीत. मेळघाट किंवा गडचिरोलीत तिने काही केले असेल तर ग्रामीण कार्यक्रमाशी सांधा आपोआप जुळतो. केले नसेल तर ‘पुढे खेड्यात जाणार’ हे आश्वासन कोरडेच वाटते.

सर्वांत महागडी चूक म्हणजे मागच्या कॉलेजचे नाव तसेच राहणे. पाठवण्याआधी उत्तर मोठ्याने वाचा, आणि ते वाचणारी व्यक्ती लिहिणारीपेक्षा वेगळी असावी. हे काम आईने करायला हरकत नाही. वाक्ये सुधारण्याचे काम मात्र आईने करू नये. पन्नाशीतल्या माणसाची वाक्ये ओळखू येतात.

मतभेदाच्या प्रश्नाला काय लिहायचे? माझे कुणाशी भांडणच झाले नाही.
– वर्धा

भांडण नकोच आहे. गटाच्या प्रोजेक्टमध्ये कामाची वाटणी, वसतिगृहातला अभ्यासाचा आणि गाण्यांचा वाद, शिक्षकांनी दिलेला गुण पटला नाही ती वेळ, काहीही चालते. दोन अटी आहेत. समोरच्याचे म्हणणे इतके न्याय्यपणे मांडा की त्याने वाचले तर ‘हो, माझे असेच म्हणणे होते’ असे तो म्हणेल. आणि शेवटी तुम्हीच बरोबर ठरलात अशी गोष्ट शक्यतो निवडू नका. ‘माझा दोष म्हणजे मी परिपूर्णतेचा आग्रह धरतो’ हे उत्तर आता विनोद म्हणूनही चालत नाही.

नीटसाठी दोन वर्षे ड्रॉप घेतला. नागपूरलाच क्लास केला. यूकासच्या अर्जात ही दोन वर्षे लपवावीत का?
– काटोल

लपवता येणार नाहीत, शिक्षणाच्या तारखांत ती दिसतातच. न सांगितलेली पोकळी सांगितलेल्या अपयशापेक्षा वाईट दिसते. दीड-दोन वाक्ये पुरे: भारतात मेडिकलसाठी एकच राष्ट्रीय परीक्षा आहे, ती मी पुन्हा दिली, पहिल्या वर्षी अभ्यासाची कोणती पद्धत चुकली आणि दुसऱ्या वर्षी काय बदलले. इंग्लंडमधल्या वाचकाला ‘ड्रॉप’ ही कल्पना माहीत नसते, त्याला ती शिक्षण सोडल्यासारखी वाटू शकते. म्हणून हा शब्द न वापरता काय केले ते सांगा. क्लासची टेस्ट सिरीज, रँक, कटऑफ यांत शिरू नका. आणि त्या दोन वर्षांत अभ्यासाखेरीज काही केले असेल, मेसच्या मावशींच्या पोराला गणित शिकवले असेल तरी, ते तिसऱ्या प्रश्नात जायला हवे.

एक एजन्सी मेडिकलचे निबंध लिहून देते. आणि मुलगा म्हणतो, एजन्सी कशाला, चॅटजीपीटी लिहून देते. पकडतात का?
– प्रतापनगर

एजन्सीचेच आधी. एकच मजकूर थोडा फिरवून ती किती जणांना विकते हे तुम्हाला कळायला मार्ग नाही, यूकासला मात्र आहे. जुन्या-नव्या निबंधांशी तुलना करणारी त्यांची यंत्रणा आहे आणि साम्य आढळले तर अर्जदाराला आणि विद्यापीठांना कळवले जाते. २००७ मध्ये अशा तपासणीत २३४ अर्जदारांच्या निबंधात एकच आठवण निघाली होती: आठव्या वाढदिवसाला मिळालेल्या रसायनशास्त्राच्या संचाने पायजम्याला भोके पाडली. एवढे पायजमे एकाच वयात जळणे कठीणच.

एआयचे म्हणाल तर यूकासने स्पष्ट केले आहे की निबंधाचा सगळा किंवा मोठा भाग एआयकडून घेऊन स्वतःचा म्हणून देणे ही फसवणूक ठरू शकते. अमेरिकी केंद्रीय अर्जात मुद्दे काढायला किंवा शुद्धलेखन तपासायला अशी साधने चालतात, पण अंतिम लिखाण तुमचे आणि तुमच्याच अनुभवाचे हवे, हे अर्जदाराला मान्य करावे लागते. पकडले जाण्याइतकीच दुसरीही अडचण आहे. अशा साधनाला तुमच्या मुलाचा व्हरांडा, खिडकी, चहा-बिस्कीट माहीत नाही. ते ‘संवादकौशल्य आणि सहानुभूती’च लिहिणार, वर सांगितलेल्या पहिल्या उत्तरासारखे. आणि मुलाखतीत निबंधातल्याच ओळीवर बोट ठेवून विचारतात, ‘इथे नेमके काय झाले होते?’

त्याला मराठीत लिहू द्या, हवे तर नागपुरी बोलीत, हिंदी मिसळून. आधी सगळे सांगून टाकू द्या, मग त्यातून त्याने स्वतः इंग्रजी करावे. इंग्रजी साधे असले तरी चालते.

यूकासची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर. आपल्याकडे ती किती वाजेपर्यंत?
– त्रिमूर्तीनगरच्याच विद्यार्थिनी

तिथल्या संध्याकाळी ६ पर्यंत, म्हणजे आपल्या रात्री साडेदहापर्यंत. पण तुमची खरी तारीख ही नाही. शाळेचे शिफारसपत्र जोडले गेल्याशिवाय अर्ज पुढे जात नाही, आणि ऑक्टोबरच्या आसपास आपल्याकडे दसरा, दीक्षाभूमीची गर्दी, सहामाही परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी एकामागोमाग येतात. शिक्षकांना ऑगस्टमध्ये सांगा आणि सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुमची तीन उत्तरे त्यांना वाचायला द्या, म्हणजे पत्रात त्याच गोष्टी पुन्हा येणार नाहीत.

वर्डमध्ये मोजलेले कॅरेक्टर आणि अर्जाच्या चौकटीत दिसणारा आकडा कधीकधी जुळत नाही. ठळक किंवा तिरकी अक्षरेही चौकटीत टिकत नाहीत. म्हणून ४००० ला घासून लिहू नका, ३९०० वर थांबा, आणि उत्तर चौकटीत डकवल्यावर शेवटचे वाक्य पूर्ण दिसते का ते बघून मगच सेव्ह करा.